भरदुपारच्या ओहोटीला बोटीचा सांगाडा पूर्ण उघडा का पडत नाही?

किनारवेडा:
मुंबईतल्या मढच्या खडकाळ किनाऱ्यावर रुतलेल्या एका जुन्या लोखंडी बोटीचा फोटो काढायचा आहे. दुपारी १२ ची ओहोटी गाठली तरी खालच्या बरगड्या पाण्यातच असतात. दिवस कोणता धरू? ट्रायपॉड, पोलरायझर आणि ६ स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर आहे.

पाऊणपट:
मुंबईत भरदुपारची ओहोटी म्हणजे अष्टमीच्या आसपासचा भांग. तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला ६ ला भरती, १२ ला सुकती (म्हणजे ओहोटी). पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे सुकती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, आणि उधाण असल्यामुळे पाणी खूप मागे जातं. प्रतिपदेला तीच सुकती पावणेसातच्या आसपास येते. संध्याकाळच्या फोटोला हाच दिवस उत्तम, कारण सूर्य मावळताना पाणी अजून उतरत असतं.
हा ठोकताळा झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या आणि तिच्यासमोरची पाण्याची उंचीही वाचा, ०.५ मीटर किंवा त्याहून कमी हवी. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात.

निवांत_शटर:
सुकतीच्या दीड तास आधी पोहोचा. पोलरायझरने ओल्या लोखंडावरची चकाकी गेली की गंजाचा खरा रंग दिसतो. डबक्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर पोलरायझर काढून ठेवा. कॅमेऱ्यात आयएसओ (संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवा. लाट परत फिरली की शटर दाबा, अर्धा ते एक सेकंद पुरे. पाण्याच्या रेघा उमटतात. ३० सेकंदांत त्यांचं धुकं होतं आणि अशा सांगाड्याला ते शोभत नाही.
ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवा, मधला दांडा वर काढू नका. लाट पायाखालची वाळू ओढून नेते, पाय खचतो, फोटो हलतो. लेन्सवर खारे तुषार बसले तर आधी ओलसर कापड, मग कोरडं; थेट कोरडं फिरवलं तर मीठ-वाळूचे ओरखडे पडतात. घरी पाय सुटे करून गोड्या पाण्याने धुवा.

किनारवेडा:
आणि सकाळची सुकती घेतली तर?

निवांत_शटर:
गंज दाखवायचा तर सकाळच बरी. ऊन जमिनीकडून, तुमच्या पाठीमागून येतं आणि थेट लोखंडावर पडतं. द्वितीया धरा, सुकती साडेसातच्या सुमारास मिळेल. संध्याकाळी सूर्य बोटीमागे असतो, फक्त काळी आकृती हाती लागते.

खडपेकर:
पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात निघाच. पहिल्या तासात ते जेमतेम चढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढाच्या निम्मं. ४ मीटरची भरती असेल तर २ मीटर. शिवाय ते समोरून येताना दिसत नाही. मागचे चर आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. एकटे जाऊ नका. खडकांवर कालवं असतात, जाड तळाचे बूट घाला. सांगाड्यावर अजिबात चढू नका, गंजलेला पत्रा वजन घेत नाही. ड्रोन घरीच ठेवा, जवळच नौदलाचा आयएनएस हमला तळ आहे.