मदत हवी आहे : गोधडीच्या ब्लॉकमध्ये गोल शिवणीला चुण्या पडतात

सुईदोरा, सोलापूर :
12 सेंमीचे चौकोनी ब्लॉक करतेय, प्रत्येकाच्या कोपऱ्यात 8 सेंमी त्रिज्येचा पाव गोल. गोल आणि बाहेरच्या तुकड्याची खाच एकाच पुठ्ठ्याने कापली. कडा तंतोतंत जुळतात, तरी शिवल्यावर खाचेच्या तुकड्याला चुण्या येतात. गोल पॉपलिनचा, बाहेरचा तुकडा जुन्या सोलापुरी चादरीचा. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) 6 मिमी. कुठे चुकतंय?

उरेपपट्टी :
ताई, कडा जुळतात तिथेच चूक आहे. शिवण कडेवर नाही, 6 मिमी आत पडते. म्हणून गोलाची शिवणरेघ 11.6 सेंमी भरते आणि खाचेची 13.5. जास्तीचे 1.9 सेंमी म्हणजेच तुमच्या चुण्या.

पुठ्ठ्यावर 12 सेंमीचा चौकोन आखा, एका कोपऱ्यावर कंपास टेकवून 8 सेंमीचा कंस काढा, कंसावर कापा. हे दोन साचे. कापडाच्या उलट्या बाजूला साच्याभोवती पेन्सिल फिरवा, ती शिवणरेघ. तिच्याबाहेर सगळीकडून 6 मिमी सोडून कापा. आता गोलाची कड लांब आणि खाचेची आखूड दिसेल. तसंच हवं, रेघा जुळल्या पाहिजेत. सरळ कडा उभ्या-आडव्या धाग्यात धरा, म्हणजे कंसाचा मध्य उरेप (धाग्यांना तिरका) येतो आणि हवा तेवढा ताणतो.

दोन्ही तुकड्यांच्या मध्यावर नखाने घडी पाडा. आधी मध्याला मध्य टाचा, मग टोकं, मग मधल्या जागा. खाचेचा तुकडा वर ठेवा, टाका 2 मिमीचा. दर दोन सेंमीला सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) उचला आणि वरची चुणी बोटाने बाहेर सारा. कापड ओढू मात्र नका, ब्लॉक तिरका होतो.

सुईदोरा :
खाचेला कात्रीने चिरा द्याव्यात का?

ताणाबाणा :
एवढ्या मोठ्या कंसाला पातळ सुती कापडात सहसा गरज नसते. दिल्याच तर फक्त खाचेच्या मायेत, 3 मिमी खोल, दीड सेंमी अंतराने.

खरी अडचण चादरीची. विणीचे धागे सुटतात, म्हणून माया 1 सेंमी ठेवावी लागते. पण योग्य कापलेल्या दोन कडांच्या लांबीतला फरक त्रिज्येवर नाही, मायेवर ठरतो : 6 मिमीला 1.9 सेंमी, 1 सेंमीला 3.1. जाड कापड तेवढं ताणत नाही. चादर मागच्या अस्तराला घ्या. वर दोन्ही तुकडे पॉपलिनचे किंवा सुती साडीचे, आधी धुतलेले.

इस्त्री खाचेच्या तुकड्याकडे माया वळवून, दाबून करा, घासू नका. ब्लॉक कडेपासून कडेपर्यंत 13.2 सेंमी (12 अधिक दोन्ही बाजूंची 6 मिमी माया) भरला पाहिजे. एक करून मोजा, मगच बाकीचे कापा.