कोरियन मालिकांतली कुठली जोडी, कुठलं पात्र तुमच्या मनात घर करून राहिलं?

२०२० च्या टाळेबंदीत सासूबाई आमच्याकडे अडकल्या. त्यांच्या नेहमीच्या मराठी मालिकांचं चित्रीकरण बंद, जुनेच भाग पुन्हा लागायचे. म्हणून एका रात्री मी ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ लावली. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे खालच्या पाट्या वाचून मी एकेक वाक्य मराठीत सांगायचे.

पहिल्याच भागात पंचाईत. दक्षिण कोरियातली बडी उद्योजिका यून से-री पॅराग्लायडरसकट वादळात सापडते, थेट उत्तर कोरियात जाऊन झाडाला लटकते, आणि खाली कॅप्टन री जंग-ह्योक उभा. हे दोघं एकमेकांना काय म्हणतील? तू की तुम्ही? इंग्रजीत नुसतं ‘यू’. कोरियनमध्ये आपल्यासारखंच आहे. मानाचं बोलणं वेगळं, सलगीचं वेगळं, क्रियापदाचं शेपूटच बदलतं. ते सगळं पाटीत गळून जातं. मी दोघांना ‘तुम्ही’ देऊन टाकलं.

मग तो बाजारातला प्रसंग आला. तिने सुगंधी मेणबत्ती मागितलेली असते, त्याने बापड्याने साधी आणलेली असते. नंतर ती बाजारात चुकते, अंधार पडतो, ओळखीचं कुणी नाही, आणि लांब माणसांच्या डोक्यांवर एक पेटती मेणबत्ती दिसते. हात उंच धरून तो उभा. या वेळी सुगंधी.

सासूबाई म्हणाल्या, “आता तू म्हण.”

तिथून सोळाव्या भागापर्यंत मी ‘तू’च म्हटलं. तेव्हापासून आम्ही दोघींनी बऱ्याच मालिका पाहिल्या. तुमचे अनुभव वाचायचे आहेत. आवडलेलं लिहा, न पटलेलंही लिहा, पण का ते जरूर लिहा. शेवट फुटतील, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जपून वाचा.

बदलापूरहून

‘माय लिबरेशन नोट्स’, २०२२ ची. तीन भावंडं सोलबाहेरच्या सान्पो नावाच्या गावात राहतात आणि रोज नोकरीला सोलमध्ये जातात. उशीर झाला की तिघं मिळून एक टॅक्सी करून घरी येतात. त्यातल्या भावाला त्याच्या मैत्रिणीने ऐकवलेलं असतं की सोल म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि भोवतालचा ग्योंगी प्रांत म्हणजे पांढरा भाग. ते ऐकून मी मालिका थांबवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझं एक स्थळ ‘मुलगा चांगला आहे, पण बदलापूर फार लांब पडतं’ या वाक्यावर मोडलं होतं.

धाकटी बहीण मी-जंग. तिच्या वडिलांच्या हाताखाली एक अबोल, सतत पिणारा माणूस काम करतो, त्याचं पूर्ण नावही कुणाला माहीत नाही. सगळे ‘मिस्टर गू’ म्हणतात. ती सरळ त्याच्यापुढे उभी राहते आणि म्हणते, प्रेम पुरत नाही, मला... आणि इथे इंग्रजी पाटी म्हणते ‘वर्शिप’. मराठीत काय म्हणाल? ‘माझी पूजा कर’ म्हटलं की हळदकुंकू डोळ्यांसमोर येतं. ‘आराधना’ फार नाटकी. मी पुष्कळ दिवस विचार केला. ‘मला मान’ हेच बरोबर. “आपण त्याला मानतो” असं म्हणतो ना, तसं. पारख न करता, अटी न घालता मानणं.

आणि तो तिला मानतो म्हणजे काय करतो? तिची टोपी वाऱ्याने ओढ्यापलीकडे उडते. तो चालत उलट दिशेला जातो. वाटतं, निघाला. तो वळतो, धावत येतो आणि एका उडीत पलीकडे. टोपी घेऊन येतो, बस्स. त्या उडीइतकं मोठं प्रेमपत्र मी पाहिलेलं नाही.

गिरगावातून (आता मीरा रोडला)

‘रिप्लाय १९८८’. माझं सगळं बालपण चाळीत गेलं. पहिल्याच भागात संध्याकाळी आया ताटल्या भरून पोरांना शेजारी पिटाळतात आणि पोरं गल्लीत एकमेकांना भेटत राहतात, याची भाजी त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. शेवटी एक जण म्हणतो, त्यापेक्षा एकत्रच जेवू की! आमच्याकडे वाटी रिकामी परत द्यायची नाही हा नियम होता. घरात काही नसेल तर आई चिमूटभर साखर घालायची.

दक-सनच्या प्रेमात दोघं. बदुक हा पटावरचा खेळ खेळणारा तेक आणि समोरच्या घरातला जंग-ह्वान. मी जंग-ह्वानचा. तो गाडी घेऊन तिच्याकडे निघतो, एकेक सिग्नल लाल लागतो, पोचतो तेव्हा तेक आधीच तिच्याजवळ उभा असतो. नंतर तो स्वतःशी कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या कचरण्याचा होता. मी ५४ वर्षांचा आहे. मलाही एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला जमलं नव्हतं. ती आज सुखात आहे, मीही आहे. पण तो प्रसंग मी आजही एकटा असतानाच पाहतो.

वरच्यांना उत्तर, कोल्हापूरहून

दादा, तुमचं दुःख कळतं, पण तेकवर अन्याय नको. तो त्या संध्याकाळी सामना सोडून आला होता. ज्याचं अख्खं आयुष्य त्या पटावर आहे, त्याने पट सोडला. आणि दक-सनचं काय? घरात मधली म्हणून तिचा वाढदिवस दरवर्षी थोरल्या बहिणीबरोबर उरकलेला. अभ्यासात मागे, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलेली. चीनमध्ये तेकच्या खोलीची ऊब, त्याचं जेवणखाण सगळं तीच पाहते, आणि तिथे तिला पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं वाटतं. आपल्याकडे पाहताना जो आपल्यालाच मोठं करतो, त्याच्याकडे जावं. मी मधली मुलगी आहे, म्हणून ठासून सांगते.

नाशिकहून

मला न पटलेलं लिहायचं आहे. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ २००९ ची. मी शाळेत असताना मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर पाहिली आणि तिच्या नायकावर, गू जुन-प्योवर जीव टाकला. तो लाल चिठ्ठी लावून अख्ख्या शाळेला एका मुलीवर सोडतो, हे मला तेव्हा प्रेमाची सुरुवात वाटली. त्या काळच्या कितीतरी मालिकांत नायक नायिकेचं मनगट धरून ओढत नेतो. पुढे माझं मनगट खरोखर कुणीतरी तसं धरलं, आणि मला पहिले काही महिने ते आवडून घ्यावं लागतं असंच वाटत राहिलं. निशाण अंगावर उमटेपर्यंत. म्हणून ही गोष्ट मला हलकी वाटत नाही.

‘गॉब्लिन’ सुंदर आहे हे मान्य, पण शाळेच्या गणवेशातली उन-तक आणि नऊशे वर्षं जगलेला किम शिन ही जोडी मी आता पाहू शकत नाही. त्यातले यमदूत आणि सनी मात्र माझे कायमचे लाडके.

आता बदललं आहे, हेही सांगते. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’मध्ये स्वमग्न वकील वू यंग-वूला फिरत्या दारातून जाता येत नाही. तिचा सहकारी जुन-हो तिला ओढत नाही. वॉल्ट्झच्या ठेक्यावर पाऊल टाक म्हणतो. एक दोन तीन, एक दोन तीन. माझ्या आठवीतल्या मुलीबरोबर मी तो प्रसंग दोनदा पाहिला.

सुवॉनहून (मूळची सांगलीची)

नोकरीमुळे इथे, दक्षिण कोरियात, चौथं वर्ष. ‘रिप्लाय’मधलं सांगमुन-दोंग सोलच्या उत्तरेला खरंच आहे, पण तशी गल्ली शोधत गेलात तर समोर इमारतीच इमारती येतील.

माझी आवड ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’, २०१७. त्याला घराच्या कर्जासाठी भाडेकरू हवा आणि तिला राहायला जागा हवी, म्हणून नाम से-ही आणि यून जी-हो करार करून लग्न करतात. ती सासरी पूर्वजांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाला राबते. करारात नसलेलं काम झालं, म्हणून तो परतफेड करायला तिच्या माहेरी किमजांगला जातो, म्हणजे हिवाळ्याआधी घरादाराने मिळून किमची घालण्याच्या कामाला. रबरी हातमोजे घालून कोबीच्या पानापानात लाल मसाला भरत बसलेला जावई! इथल्या माझ्या सहकारी मैत्रिणीला हा प्रसंग विचारला, तर ती हसली नाही. म्हणाली, माझ्या आईने आयुष्यभर हे एकटीने केलं.

मालवणहून

‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’, २०२५. जेजू बेट. नायिका ए-सुनची आई हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारी, आणि ती तरुणपणीच मरते. मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीत आहे, ‘फार कष्ट उपसलेत’ अशा अर्थाचं. सोलच्या लोकांनाही ती बोली सहज कळत नाही म्हणे. आमच्या मालवणीत ‘खूप कष्ट काढलस गो’ म्हटलं की झालं.

ग्वान-सिक लहानपणापासून ए-सुनच्या मागे. ती बाजारात पुस्तक वाचत बसते, कोबी तो विकतो. लग्नानंतर घरात पुरुष एका टेबलावर, बायका बाजूच्या टेबलावर. एके दिवशी तो जेवता जेवता जागेवरच वळतो, वडीलधाऱ्यांकडे पाठ करतो आणि बायको-मुलीच्या ताटाकडे तोंड करून जेवायला लागतो. एक शब्द नाही.

मी हे आयेला दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी. तिने आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसून जेवलेलं. मला वाटलं, ती ग्वान-सिकबद्दल काहीतरी बोलेल. ती पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तेच्या आवशीक राग इलो बघ.” तिला सासूचाच चेहरा दिसला होता.

सोलापूरहून

‘माय मिस्टर’. प्रेमकथा नाही, म्हणूनच लिहितोय. ली जी-आन ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या घरी नेते, कारण जेवण तेच. आजीला चालता येत नाही, तर सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून चंद्र दाखवायला नेते. तिथला तिचा वरिष्ठ पार्क दोंग-हून तिच्याशी माणसासारखा वागतो, एवढंच. रात्रपाळीत फोनवर पाहिली. दोंग-हूनचं काम करणारा ली सन-ग्युन २०२३ च्या डिसेंबरात गेला, त्यानंतर पुन्हा लावण्याचं धाडस झालेलं नाही.

शेवटी, पुन्हा मी

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. मालवणच्या आईंचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्यांचंही एक सांगणं आहे. ‘क्रॅश लँडिंग’मधल्या दुसऱ्या जोडीतला गू संग-जुन मेला हे त्यांना मान्य नाही. सो दानसाठी तो परत फिरला, त्याला गोळी लागली, रुग्णवाहिकेत त्याने डोळे मिटले. पण अंत्यविधी दाखवला का? नाही ना? मग! आम्ही ती मालिका तीनदा पाहिली आहे, आणि तिन्ही वेळा तो भाग सुरू झाला की त्या उठून चहा टाकायला गेल्या आहेत.