शब्दचर्चा : क्षारता की लवणता? आणि ‘प्रवाह’ नेमका कुठला?

टिळकवाडीची ताई : लेक मराठी माध्यमात हायस्कूलला आहे, शिकवणीचे सर कन्नड. तिनं वहीत ‘सागरजलाची क्षारता’ लिहिलं. सर म्हणाले, क्षार म्हणजे अल्कली, समुद्राला ‘लवणते’ (म्हणजे लवणता, कन्नडात) म्हण. कोण बरोबर? दुसरं म्हणजे, वाऱ्यानं वाहतो तोही प्रवाह आणि तापमान-क्षारतेनं वाहतो तोही प्रवाहच. दोन्हीला एकच शब्द कसा?

खानापूरकर : आपापल्या घरात दोघंही बरोबर. महाराष्ट्राच्या विज्ञान पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असतात, म्हणजे क्षार हे मीठवर्गाचं नाव. कन्नडात तेच त्रिकूट आम्ल, प्रत्याम्ल, लवण असं येतं आणि ‘क्षार’ अल्कलीकडे जातो. हिंदीतही तसंच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहिलं की एकाच संस्कृत शब्दाचे दोन मालक भेटतात. मराठीत लिहायचं तर ‘क्षारता’च लिहावं असं माझं मत. ‘लवणता’ चूक नाही, पण आपल्या कानाला हिंदीच वाटते.

बोलण्यातला क्षार मात्र वेगळा. बोअरचं पाणी ‘क्षाराचं’ म्हणजे हंड्याला पांढरं पुट धरणारं. तिथं मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमची कटकट. समुद्रात विरघळलेल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड हे दोघंच मिळून सुमारे 85 टक्के. सरासरी क्षारता हजारी 35, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम.

निपाणी नाका : यात ‘खारा’ राहिला की ओ! कन्नडात खारा म्हणजे तिखट. आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक ‘खारे शेंगदाणे’ घेऊन गेलं आणि तिखट नाहीत म्हणून परत घेऊन आलं. आता पुस्तकातले ‘खारे वारे’ त्याला कसे समजावायचे? मीठ म्हणजे उप्पु, एवढं मात्र उप्पीट खाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

खानापूरकर : 😄 जाता जाता, भाजी ‘खारट’ होते, समुद्र ‘खारा’ असतो आणि खाडीचं अर्धवट खारं पाणी ‘मचूळ’. मराठीनं हे तीन वेगळे ठेवलेत. कृपा करून सगळीकडे ‘क्षारयुक्त’ लिहू नका.

कारवारचा भूगोलवाला : बेळगावात वाढलो, आता निवृत्तीनंतर समुद्राजवळ आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

शब्द एक असला तरी इंजिनं दोन आहेत. वारा पृष्ठभागाचं पाणी ओढतो, पण आपल्याच दिशेला नेत नाही. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याच्या ‘फ्राम’ जहाजावर (1893–96) दिसलं की आर्क्टिकचा बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे 20 ते 40 अंशांनी सरकतो. 1905 मध्ये स्वीडनचा सागरशास्त्रज्ञ एकमन यानं त्याचं गणित मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्यानं हलवलेल्या वरच्या थराचं एकूण पाणी वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे जातं. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वळून वाहतो. त्याच्या उजवीकडे पश्चिम, म्हणून वरचं पाणी किनारा सोडून आत समुद्रात जातं आणि त्या जागी खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, प्लवकांवर तारली-बांगडे. बेळगावच्या बाजारात बांगडा स्वस्त झाला की त्यात या वाऱ्याचाही हात असतो.

दुसरं इंजिन घनतेचं. थंड पाणी दाट, खारं पाणीही दाट. ग्रीनलंडजवळ वरचं खारं पाणी हिवाळ्यात गार होऊन बुडतं. अंटार्क्टिकाकाठी समुद्र गोठतो, उणे 1.9 अंशांच्या आसपास. गोठताना मीठ बर्फात मावत नाही, मागे राहतं, आणि उरलेलं पाणी आणखी खारं होऊन तळाला जातं. हे पाणी तळानं इतकं सावकाश सरकतं की त्याची फेरी शतकांत मोजतात. त्याला नुसतं ‘प्रवाह’ म्हणणं मला पटत नाही, ‘अभिसरण’ म्हणावं. रक्ताभिसरणामुळे हा शब्द घरोघरी माहीत आहे, आणि त्यात फिरून येणं आहे. प्रवाहात नुसतं वाहणं आहे. पण वारा आणि घनता अशी अगदी काटेकोर वाटणी करू नका, खोलवरचं पाणी पुन्हा वर आणायला वाराही लागतो.

टिळकवाडीची ताई : मग ‘नैर्ऋत्य मोसमी वारा’ आणि ‘पूर्ववाहिनी प्रवाह’ यात दिशा उलट्या का वाटतात?

कारवारचा भूगोलवाला : वाऱ्याला आपण माहेरचं नाव देतो, पाण्याला सासरचं. वारा कुठून आला ते सांगायचं, पाणी कुठं चाललं ते सांगायचं. आणि अरबी समुद्रात तर ऋतूबरोबर पाणीच दिशा पालटतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला जातो, हिवाळ्यात उत्तरेला. हिवाळ्यात तो बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून इकडे आणतो.

खानापूरकर : म्हणजे बघा की! आमच्याच खानापूर तालुक्यात मलप्रभा कणकुंबीला उगवते, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. म्हादईही इथलीच, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात. कणकुंबीचा पाऊस डोंगराच्या ज्या अंगाला पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो.

कारवारचा भूगोलवाला : आणि मलप्रभेचा एखादा थेंब श्रीलंकेवरून फिरून कारवारला यायला तत्त्वतः हरकत नाही. तत्त्वतःच, कारण तो आधी सौंदत्तीच्या धरणातून सुटला पाहिजे. उपसागर गोडावतो तो खरा गंगा-ब्रह्मपुत्रेमुळे आणि तिकडच्या पावसामुळे. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, नद्या कमी, म्हणून तो जास्त खारा.

निपाणी नाका : जास्त तिखट म्हणा. 🌶️

टिळकवाडीची ताई : लेकीनं उत्तर लिहिलंय : ‘थंड व क्षारयुक्त पाणी जड होऊन खाली जाते, त्यामुळे खोल सागरी अभिसरण होते. पृष्ठीय प्रवाह मुख्यतः वाऱ्यामुळे वाहतात.’ चालेल का?

कारवारचा भूगोलवाला : छान. दोनच बदल. समुद्राचं सगळंच पाणी क्षारयुक्त, म्हणून ‘अधिक क्षारतेचे’. आणि ‘जड होऊन’च्या जागी ‘घनता वाढून’. ‘जड पाणी’ म्हटलं की विज्ञानाच्या सरांना अणुभट्टी आठवते. सरांनी पुन्हा ‘लवणते’ म्हटलं तर कंसात तेही लिहू दे, गुण जायला नकोत.