वन्स मोअर आला की ट्रॅकचं काय? एकच फाइल की सुटे स्टेम?

ठेकाधारी (धागाकर्ते)

हल्ली मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात ढोलकी-तबला, हार्मोनियम, कीबोर्ड एवढं प्रत्यक्ष आणि व्हायोलिनचा ताफा, बेस, कोरस लॅपटॉपवरच्या ट्रॅकमधून, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीतून, असा मामला असतो. माझं मत: गाण्याची एकच स्टिरिओ फाइल वाजवणं बंद करा. ठेका, बेस, पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर)-व्हायोलिन, कोरस असे चार स्टेम, म्हणजे एकेका वाद्यगटाच्या सुट्या फाइली, आणि पाचवा क्लिक, म्हणजे वादकाच्या कानातले लयीचे ठोके, एवढं हवंच. हॉलमध्ये बेस घुमला तर तेवढाच खाली घेता येतो. ढोलकीवाला जोरात असेल तर ट्रॅकवरचा ठेका म्यूट.

स्टेम काढताना तीन गोष्टी पाळा. सगळे एकाच बिंदूपासून सुरू आणि एकाच लांबीचे, मग कोरस तिसऱ्या मिनिटाला येणार असला तरी आधीची शांतता फाइलमध्ये राहू दे. फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल. आणि मास्टरवरचा लिमिटर (पूर्ण मिक्सचा आवाज मर्यादेत दाबून ठेवणारं साधन) बंद, कारण तो पूर्ण मिक्सवर जेवढा दाबतो तेवढा एकट्या पॅडवर दाबत नाही. चारही परत एकत्र केले की मूळ मिक्स मिळत नाही, वर क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटणं.

एबलटन लाइव्ह या ट्रॅक वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल ओढण्याआधी प्रेफरन्सेसमधलं ‘ऑटो-वॉर्प लाँग सॅम्पल्स’ बंद करा. नाहीतर सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची लय स्वतः ताडतं आणि त्याप्रमाणे ती ताणतं किंवा आखडतं (हाच वॉर्प). मिनिटाला ८४ ठोक्यांचा केरवा त्याला १६८ चा वाटू शकतो. ठेक्याच्या स्टेमवर निदान ठोके तरी स्पष्ट असतात. पॅडला ठोकाच नाही, तिथे अंदाज भलताच निघतो आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत दोन स्टेम एकमेकांपासून सुटतात. शेवटी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, म्हणजे सगळ्या फाइली सेटच्याच फोल्डरमध्ये जमा होतात. ते विसरलात तर पेनड्राइव्ह घरी राहिला की सेटमधल्या फाइली गायब.

साधासरळ

लिमिटरचा मुद्दा मान्य, बाकी नाही. गणपतीच्या मांडवात साउंडवाला तुम्हाला मिक्सरवर दोन चॅनेल देतो. पाच स्टेम पाठवणार कुठून? लॅपटॉपमध्येच त्यांचं दोन होणार असेल तर ते काम घरी, शांतपणे, कानाने करून का आणू नये? मंचावर कीबोर्डवाल्याने एका हाताने फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) सांभाळायचा म्हणजे दोन्हीकडे चूक.

हिशोब बघा. २४ बिट, ४८ ची स्टिरिओ वेव मिनिटाला साधारण १७ एमबी. पाच मिनिटांच्या गाण्याचे चार स्टिरिओ स्टेम म्हणजे ३४५ एमबी, पंचवीस गाणी म्हणजे साडेआठ जीबी. डिस्कला हे जड नाही, पण ऐनवेळी लॅपटॉप बसला तर हे सगळं घेऊन जाणार कुठे? एकच फाइल असेल तर तीच फोनमध्ये तयार ठेवता येते.

काळीचार

तुम्ही दोघं मूळ फाइल नीट आहे असं धरून भांडताय. निम्म्या वेळा ती नेटवरून उतरवलेली एमपी-थ्री असते. तिला वेव करून दर्जा वाढत नाही, गेलेलं गेलं.

दुसरं, एमपी-थ्री बनताना सुरुवातीला शांततेचे हजारभर सॅम्पल (आवाजाचे सुटे नमुने) जोडले जातात, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ते कापतं, काही कापत नाही. बाकीचे स्टेम वेव आणि कोरस तेवढा एमपी-थ्री असेल तर कोरस मागे ओढल्यासारखा लागतो, आणि गायकांना वाटतं आपलंच चुकतंय.

तिसरं सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, मिक्सरचं घड्याळ ४८ वर, आणि मधे कोणी रूपांतर केलं नाही तर ट्रॅक जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो. गायिकेची पट्टी काळी चार. ट्रॅक पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी. कोणत्याच पट्टीत नाही! हार्मोनियमवाला बिचारा शोधत बसतो. तेव्हा एक फाइल असो की पाच, सगळ्या एकाच रेटला आणा आणि इंटरफेसचा (लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीचा) रेट साउंडचेकला डोळ्यांनी बघा.

ठेकाधारी

@साधासरळ, शीर्षकातला प्रश्न टाळलात. नाट्यसंगीतात वन्स मोअर आला की ऑर्गनवाला मुकाट मागे जायचा. तुमची फाइल पुढेच पळणार.

साधासरळ

टाळलेला नाही. एबलटनच्या अॅरेंजमेंटमध्ये (पूर्ण गाणं आडवं मांडलेलं दिसतं तिथे) ध्रुवपदाच्या समेपासून अंतरा संपल्यानंतरच्या समेपर्यंत लूपची (तोच भाग पुन्हा वाजवायची) पट्टी लावा आणि लूपचं बटण पायाच्या स्विचला जोडा. स्विच चालू असेल तर शेवटाला पोचल्यावर ट्रॅक मागे जातो, नसेल तर पुढे. लय सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (मात्रांच्या आखणीवर) बसलेली असण्याचीही गरज नाही, फक्त दोन्ही टोकं कानाने नेमकी लावायची. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच रीजन (खूण केलेला भाग) आणि ‘स्मूद सीक’ने (चालू भाग संपल्यावरच उडी) होतं. यात स्टेम कुठे लागले?

ठेकाधारी

जोडाच्या जागी. व्हायोलिनचा लांब सूर आणि रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी समेवर कचकन तुटते. सुटे स्टेम असतील तर ठेका आणि बेस समेवर कापायचा, व्हायोलिन दोन मात्रा आधीच फेड करायचं, म्हणजे हळूहळू विरवायचं. एकाच फाइलीत फेड दिला तर ठेकाही बुडतो.

साधासरळ

त्या दोन मात्रांत ढोलकीवाल्याला तिहाई घेऊ द्या. शेपटी कोणाला ऐकू येत नाही.

काळीचार

मानलं. पण वॉर्पला सरसकट बाद करू नका. हार्मोनियम ४४२ हर्ट्झला लागलेली असेल तर ४४० चा ट्रॅक सुमारे ८ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर घ्यावा लागतो. वॉर्प बंद ठेवून घेतला तर वेगही वाढतो, पाच मिनिटांत साधारण १.४ सेकंद. क्लिकसुद्धा ऑडिओ फाइल असेल आणि तिलाही तेवढंच चढवलं तर बिघडत नाही. क्लिक सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम देत असेल तर मात्र तो मागे राहणार.

तारजोड

वायरकडे कोणी बघणार का? डावीकडे ट्रॅक आणि उजवीकडे क्लिक असेल तर हेडफोनच्या भोकातून दोन सुट्या मोनो वायरी काढा. स्टिरिओ वायर थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली तर मिक्सर दोन्ही बाजूंची वजाबाकी करतो. ट्रॅक स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं, म्हणजे बेस आणि ठेक्याचा मधला भाग, उडतं. एका बाजूला क्लिक असेल तर तो उलटा होऊन प्रेक्षकांना ऐकू येतो. चार्जर लावल्यावर घरघर आली तर ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरमधला ग्राउंडचा जोड तोडणारी डबी) मधे टाका.

ठेकाधारी

म्हणूनच चार आउटपुटचा इंटरफेस. १-२ वर ट्रॅक, ३ वर फक्त ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक. बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढे सॅम्पल तयार करतो तो आकडा) ५१२ ठेवा, नुसतं वाजवायचं असेल तर उशीर जाणवत नाही. त्याच लॅपटॉपवर कीबोर्डचे आवाजही वाजणार असतील तर १२८ वर या.

साधासरळ

इंटरफेस घेईन. त्यातून एकच फाइल वाजवीन.