मदत हवी आहे: फॅशन डिझायनरच्या पोर्टफोलिओत नक्की काय कमी पडतंय?

रेघोटी
तातडीने मदत हवी आहे. फॅशन डिझायनर म्हणून पहिली नोकरी शोधतेय. पोर्टफोलिओ पाठवला की एकतर उत्तर नाही, नाहीतर 'छान आहे, कळवतो'. परवा एका मुलाखतीत बाईंनी पानं भराभर उलटली आणि विचारलं, "हे शिवणार कसं?" अहो, ते बघायला कारागीर असतात ना! शुक्रवारी दुसरीकडे मुलाखत आहे. काय बदलू? कृपया 'मेहनत करा, यश मिळेल' छाप प्रतिसाद नकोत.

उरेब
पोर्टफोलिओत आहे काय? कुठल्या पदासाठी? शुक्रवारची कंपनी काय बनवते?

रेघोटी
चाळीसेक पानं, सगळी रंगीत इलस्ट्रेशन्स. पद डिझायनरचंच, अजून कुठलं असणार? रेखाटन चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात.

मुंढा
पॅटर्न, म्हणजे कपड्याचे कागदी साचे, कापण्यात माझी हयात गेली. चाळीस पानं कोणी बघत नाही. पंधरा ठेवा, त्यातही निम्म्या पानांवर एकच कपडा पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा. मांजरपाटात कच्चा नमुना उभा करा. हात वर केला की मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढ पडेल. तिथे पेनने खूण करा, कापा, खाली पट्टी टाचा, आणि त्या टाचण्यांसकट फोटो काढून लावा. शेजारी दुरुस्त केलेला पॅटर्न. त्या बाईंना हेच हवं होतं. शिवता येतं का तुम्हाला?

रेघोटी
सरळ शिवण येते. पण मला डिझायनर व्हायचंय, शिंपी नाही.

मुंढा
झालं!

स्वयंभू
रेघोटी, घाबरू नका. मोठमोठ्या डिझायनरांकडे बघा. मिउच्चा प्रादांची डॉक्टरेट राज्यशास्त्रात. रेई कावाकुबो फॅशन शिकलेल्याच नाहीत. अर्मानींनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडलं. व्हर्जिल अ‍ॅब्लोची पदवी सिव्हिल इंजिनिअरिंगची. नजर हवी, बाकी सगळं विकत मिळतं. पदवी आणि सुई दोन्हींचं फार स्तोम माजवलंय लोकांनी.

मुंढा
अर्धीच गोष्ट सांगताय. वैद्यकीय सोडल्यावर अर्मानी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कामाला लागले, मग नीनो चेरुती या डिझायनरकडे पुरुषांचे कपडे केले, आणि स्वतःची कंपनी काढली ती १९७५ मध्ये. अलेक्झांडर मॅक्वीन सोळाव्या वर्षी शाळा सोडून सॅव्हिल रोवर, म्हणजे लंडनच्या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत, कोट शिवायला बसला. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजातून एमए झाला १९९२ मध्ये, म्हणजे कात्री आधी, कॉलेज नंतर. आणि प्रादांच्या घरचा धंदाच चामड्याच्या वस्तूंचा होता, ते सोयीस्कर गाळलंत.

स्वयंभू
म्हणजे पदवी आधी लागत नाही, हेच मी म्हणतोय.

मुंढा
मी पदवीचं नावही काढलेलं नाही. वाचा परत.

बाहुलीवाली
भांडू नका हो. माझा एक तोडगा. पूर्ण आकाराच्या पुतळ्यावर कापड फार जातं, म्हणून मी निम्म्या आकाराच्या बाहुलीवर ड्रेपिंग करते, म्हणजे कापड अंगावर टाचून आकार काढते. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने लाकडी बाहुलीवरच करायच्या, आणि उरेब म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची चुणी त्यांच्याइतकी कोणाला जमली? तुकड्यात काम भागतं, चूक लगेच दिसते. सगळ्यांना सांगून थकले, कोणी करत नाही.

त्रिमिती
बाहुली कशाला? क्लो थ्रीडी हे कपड्यांचं सॉफ्टवेअर शिका. पॅटर्न टाकला की संगणकाच्या पडद्यावर कपडा उभा. कापडाचं वजन, ताण, सगळं भरता येतं. कच्चे नमुने कमी लागतात, म्हणून कंपन्यांनाही हवंय.

मुंढा
पडद्यावरचा माणूस 'काखेत काचतंय' असं सांगत नाही.

त्रिमिती
दादा, कुठे घट्ट होतंय ते रंगात दिसतं. बघितलंय का कधी उघडून?

काजबटण
शिवणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर लोक उगाच बॉबिनला शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा. दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो.

बाहुलीवाली
हे कोणी विचारलं होतं? (पण धन्यवाद, माझं नेमकं हेच होत होतं.)

काजबटण
बघा! सुई कितव्या नंबरची वापरता?

उरेब
रेघोटी, परत विचारते. शुक्रवारची कंपनी काय बनवते?

रेघोटी
लहान मुलांचे कपडे. टी-शर्ट, रात्रीचे कपडे वगैरे. होजिअरी, म्हणजे विणीचं ताणणारं कापड. का?

उरेब
आणि पोर्टफोलिओत?

रेघोटी
गाऊन. ऑर्गेन्झा, क्रेप. पण चांगली नजर कुठल्याही कपड्यात दिसतेच की.

उरेब
हे आधी सांगायचं होतं, वरची अर्धी चर्चा टळली असती. ऑर्गेन्झा ताणत नाही, होजिअरी ताणते, म्हणजे बेतणी, सुई, शिवण सगळंच वेगळं. त्यातून लहान मूल! अंगाच्या मानाने डोकं मोठं, म्हणून तान्ह्यांच्या शर्टांना खांद्यावर एकावर एक पट्टी येते नाहीतर टिचबटणं लागतात. गळ्याशी नाडी चालत नाही, अडकून गळफास बसू शकतो. युरोपात त्यासाठी ईएन १४६८२ हे मानक आहे. मुलाखतीत हेच विचारतील.

गाऊनची दोनच पानं ठेवा. एक टी-शर्ट घ्या. पुढची-मागची सपाट रेखाकृती, मापांचा तक्ता, प्रत्येक मापाला किती कमी-जास्त चालेल तो आकडा, कुठे ओव्हरलॉक, कुठे फ्लॅटलॉक (दोन्ही यंत्रशिवणीचे प्रकार), गळ्याला रिब (ताणणारी विणीची पट्टी) कुठली. म्हणजेच टेक पॅक. रंगवू नका.

रेघोटी
मग माझी शैली कुठे दिसणार?

स्वयंभू
हेच! सगळ्यांना एकाच साच्यात घालतात.

उरेब
गळ्याच्या त्या जोडात दाखवा. मुलाला न रडवता डोक्यावरून जाणारा आणि दहा धुण्यांनंतरही न लोंबणारा गळा काढणं हे डिझाइनच आहे, आणि दिसतं तितकं सोपं नाही.

मुंढा
उरेबबाईंशी सहमत. हे क्वचित घडतं.

रेघोटी
बरं. रिब किती ताणते ते कसं मोजायचं?

मुंढा
पट्टीवर १० सेंटिमीटरचा तुकडा धरा, जोर न लावता सहज जाईल तितका ओढा. १५ पर्यंत गेला तर ताण ५० टक्के. सोडा, परत १० वर येतो का बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

त्रिमिती
आणि तोच आकडा क्लोमध्ये भरा.

रेघोटी
आत्ता घरात रिब नाहीये. जुन्या टी-शर्टचा गळा कापू?

मुंढा
कापू नका, उसवा. आतून शिवण कशी टाकलीय आणि पट्टी गळ्यापेक्षा किती आखूड कापलीय ते आधी मोजून घ्या. कात्री लावलीत की ते माप गेलं.