पाच जणींच्या वॉर्डात निनावी अभिप्राय कसा लिहायचा?

प्रश्न:
पुण्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. यंदा अप्रेझलला इन्चार्ज सिस्टरपासून ज्युनिअरपर्यंत सगळ्यांनी एकमेकींबद्दल फॉर्म भरायचाय. मैत्रिणीकडून नाइटचा हँडओव्हर मीच घेते. परवा इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणारं यंत्र) रेट बदलल्याचं तिने सांगितलंच नाही, चार्ट वाचला म्हणून कळलं. हे लिहिलं तर कुणी लिहिलं ते ती लगेच ओळखेल. पगारवाढही यावरच. काय करू?

उत्तर १:
आधी तिलाच सांगा, चहाला बसून. फॉर्ममधून पहिल्यांदा कळलं की जिव्हारी लागतं. माझं असंच झालं, वर्षभर बोलणं बंद होतं.

उत्तर २:
12 वर्षं एचआरमध्ये आहे. एका गटातून (वरिष्ठ, सहकारी किंवा ज्युनिअर) निदान 3 उत्तरं आल्याशिवाय आम्ही ती वेगळी दाखवत नाही. पगाराशी जोडलं की माणसं गोडगोड तरी लिहितात, नाहीतर जुने हिशेब चुकते करतात. केंद्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीच्या 360 अंश पद्धतीला (म्हणजे वरिष्ठ, सहकारी, कनिष्ठ अशा सगळ्यांकडून अभिप्राय घेणं) 2017 मध्ये संसदीय समितीनेही अपारदर्शक म्हटलं होतं. 'निष्काळजी' असं लिहू नका, घडलं तेवढंच लिहा.

प्रश्नकर्ती:
बोलले तिच्याशी. सलग चौथी नाइट होती तिची. आता बेडपाशी उभं राहून पंपाचा आकडा दोघी मोठ्याने वाचतो. फॉर्ममध्ये सलग नाइट्सबद्दलच लिहिलंय.