मदत हवी आहे: सिल्व्हर क्लोराइड पाण्यात का विरघळत नाही?

आयनिक क्षारांच्या विद्राव्यतेत एका जागी अडकलोय. कॅल्शियम फ्लोराइड जवळजवळ विरघळत नाही, क्लोराइड मात्र भरपूर. फ्लोराइड आयन लहान, म्हणून जालक (स्फटिकातली आयनांची मांडणी) घट्ट, हे पटलं. चांदीत नेमकं उलटं! फ्लोराइड सहज विरघळतं आणि क्लोराइडचा पांढरा साका परीक्षानळीच्या तळाशी ढिम्म.

‘सहसंयुज गुणधर्मामुळे’ (म्हणजे बंधात इलेक्ट्रॉन थोडे वाटून घेतले जातात म्हणून) हे उत्तर पुस्तकात वाचलंय, पण तिथेच गाडी अडते. आकडेही ताडून पाहिले. सिल्व्हर क्लोराइडची जालक ऊर्जा (जालक फोडायला लागणारी) सोडियम क्लोराइडपेक्षा मोलमागे शंभरेक किलोज्यूलने जास्त आहे, पण चांदीच्या आयनाची जलयोजन ऊर्जाही (पाण्याचे रेणू आयनाला वेढतात तेव्हा सुटणारी) सोडियमहून जास्तच. विद्राव्यतेचे नियम पाठ आहेत, ते नकोत. बारावीच्या पातळीवरचं कारण चालेल.

मग ही जास्तीची जलयोजन ऊर्जा जालकाची भरपाई करायला कमी का पडते?